वाचक विचारतात : चार आसनांचं विमान सांभाळताना

दिवाळी अंकात मी आमच्या सेस्ना १७२ विमानाबद्दल लिहिलं होतं. मी मूळची इचलकरंजीची. गेली सव्वीस वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहते आणि २०१४ पासून या छोट्या विमानाच्या तिघा मालकांपैकी एक आहे. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेते.

ताई, विमान घ्यायला किती पैसे लागले? पगारदार माणसाला ते झेपतं का?
— एक वाचक, चिंचवड

आम्ही तिघांनी मिळून ते ४२ हजार डॉलरला घेतलं. विमान १९७४ सालचं आहे. जुनं ऐकून दचकू नका. इथल्या छोट्या विमानतळांवर त्या काळातली विमानं रोज उडताना दिसतात, कारण त्यांचा एकेक भाग दर वर्षी उघडून बघितला जातो आणि लागेल तसा बदलला जातो.

पण विकत घ्यायचे पैसे एकदाच जातात. विमान नुसतं उभं असतानाही जे जात राहतात, त्यांचा हिशेब आधी मांडा. हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, भाडं, विमा, आणि दर बारा महिन्यांनी होणारी सक्तीची तपासणी, जिला इथे सगळे नुसतं ‘ॲन्युअल’ म्हणतात. उडवलं की तासाला साधारण आठ गॅलन, म्हणजे तीस लिटर पेट्रोल. शिवाय दोन हजार तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करावं, असं बनवणारी कंपनी सांगते. खाजगी मालकाला तो आकडा बंधनकारक नाही, पण खर्च कधीतरी येणारच. म्हणून उडवलेल्या प्रत्येक तासामागे आम्ही १५ डॉलर वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याला कुणीही हात लावत नाही.

एकटीला मला हे झेपलं नसतं. तिघांत, नोकरी करून, झेपतं. भागीदार शोधताना मात्र विमान शोधण्यापेक्षा जास्त वेळ घाला. आमच्या करारात एक कलम आहे : तिघांपैकी कुणालाही शंका आली, तर तो विमान जमिनीवर ठेवू शकतो आणि बाकीच्या दोघांनी त्यावर वाद घालायचा नाही. दहा वर्षांत हे कलम सात वेळा वापरलं गेलं. त्यातल्या पाच वेळा काहीच निघालं नाही. त्या पाच वेळांबद्दल कुणी कुणाला आजवर बोललेलं नाही, म्हणून भागीदारी टिकली.

आमचा ट्रॅक्टर महिना-महिना शेडमध्ये उभा असतो आणि चावी फिरवली की चालू होतो. विमानही कमी उडवलं तर झीज कमीच होणार ना?
— शेतकरी वाचक, कराड

दादा, इथे उलट आहे. छोटं विमान उडून झिजतं त्यापेक्षा उभं राहून जास्त बिघडतं.

आमच्या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर बसवलेला आहे. इंजिन थांबलं की वरचं तेल हळूहळू खाली निथळतं. जळणातून तयार झालेली थोडी वाफ आत अडकलेली असते. वर तेल उरलं नाही आणि आत ओल आहे, म्हणजे कॅमवर गंज धरणारच. पुढे इंजिन चालू झालं की तो गंजलेला भाग सोलपटत जातो आणि धातूचा चुरा तेलात फिरतो. काही जण ‘जागेवरच दहा मिनिटं चालू करून ठेवतो’ म्हणतात. ते तर अजिबात करू नये. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, आतली ओल उडून जात नाही, उलट नवी भर पडते. तेल ऐंशी अंशांवर जाऊन बराच वेळ तिथे राहायला हवं आणि ते उडवूनच होतं. म्हणून हिवाळ्यातसुद्धा, इंजिन हीटर लावून आधी गरम करून, आमच्यापैकी कुणीतरी दहा-बारा दिवसांत एकदा तासभर उडवून आणतं.

दर पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तेल बदलतो. पायलट असलेल्या मालकाला हे काम स्वतः करायची इथे परवानगी आहे. केल्यावर लॉगबुकात तारीख, तास आणि सही मात्र हवी. तेल बदलण्यातला शेवटचा भाग, फिल्टर तपासणं, मला फार आवडतो. जुना फिल्टर कटरने गोल कापायचा, आतला कागद सोडवायचा, त्याच्या घड्या एकेक उलगडत उन्हात धरायच्या. काळ्या तेलात काही चमकतंय का बघायचं आणि वरून लोहचुंबक फिरवायचं. चमक दिसली, तर तो कागद पिशवीत घालून थेट मेकॅनिककडे.

माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमागाचे जॉबर होते. माग दुरुस्त झाला की ते चालू करण्याआधी दुरुस्तीचे पाने, म्हणजे स्पॅनर, मोजायचे. अकरा पाने घेऊन बसलो होतो, अकरा दिसले पाहिजेत. मागवाला घाई करत असला तरी मोजायचे. एका वर्षी ॲन्युअल होऊन विमान परत आलं तेव्हा मी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून टॉर्च मारली. मागच्या सिलिंडरपाशी एक लाल फडकं राहून गेलं होतं, एक्झॉस्टच्या पाइपापासून वीतभर अंतरावर. तो मेकॅनिक मनापासून काम करणारा माणूस आहे. फडकं हातात दिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आम्ही आजही त्याच्याकडेच जातो. पण दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मी नेहमी एकटीच मारते, विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत, कुणालाही सोबत न घेता. विमान उडण्यालायक ठेवण्याची पहिली जबाबदारी इथला कायदा मालकावर टाकतो, मेकॅनिकवर नाही. मला ते बरोबर वाटतं.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उडण्याआधी तुम्ही विमानाभोवती फिरून नेमकं काय बघता?
— विद्यार्थिनी, सांगली

खूप काही बघते, पण तुला एकच गोष्ट जवळून दाखवते.

आमच्या विमानाच्या पंखांतच टाक्या आहेत. प्रत्येक टाकीखाली एक बारीक झडप असते, आणि तिसरी जागा इंजिनाखाली. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कपाने तिन्ही ठिकाणांहून थोडं थोडं पेट्रोल काढायचं. विमानाचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. पाणी त्याच्याहून जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि झडपेतून आधी तेच बाहेर येतं.

एकदा विमान तीन दिवस पावसात उघड्यावर होतं. चौथ्या दिवशी डाव्या पंखाखाली कप धरला. पेट्रोल स्वच्छ दिसलं. फारच स्वच्छ. कप पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धरला तर निळेपणाच नाही. वास घेतला, वास नाही. अख्खा कप पाण्याचा होता. पाणी आणि पेट्रोल दोन्ही असतील तर मधली रेघ दिसते. नुसतं पाणी असेल तर रेघच नसते आणि घाईतला माणूस तिथे फसतो. चार कप पाणी निघालं. पंख हलवले, थोडं थांबले, पुन्हा काढलं, आणखी अर्धा कप. टाकीच्या झाकणाचं रबर तडकलं होतं. चिमूटभर किमतीची वस्तू. तेवढं पाणी इंजिनात गेलं असतं तर ते धावपट्टी सोडल्या सोडल्या, झाडांच्या उंचीवर बंद पडलं असतं.

त्यामुळे कप तीन गोष्टींसाठी बघ : रंग, रेघ, वास. आणि ते करत असताना कुणी गप्पा मारायला आलं तर सरळ ‘दोन मिनिटं’ म्हण. मधे तुटलं तर पहिल्यापासून सुरू कर.

चार सीट आहेत म्हणजे चार माणसं आणि सामान जातं का?
— एक वाचक, दादर

नाही. आमच्या विमानात माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून ८७० पौंड बसतात. टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन, गॅलनला सहा पौंड, म्हणजे २२८ पौंड गेले. उरले ६४२, म्हणजे २९१ किलो. पंच्याहत्तर किलोची चार माणसं त्यातही बसत नाहीत, बॅगा तर राहूच द्या. चौथा माणूस किंवा पूर्ण टाकी, यांतलं एक सोडावं लागतं. उन्हाळ्यात हवा विरळ होते तेव्हा मी याहूनही हलकं नेते.

हवेत इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येतं का?
— एक वाचक, डोंबिवली

येत नाही. नाक थोडं खाली करून वेग ताशी ८० मैलांवर धरला, तर वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे ते साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. पाच हजार फुटांवर असाल तर शेत, रस्ता, विमानतळ निवडायला काही मिनिटं मिळतात. म्हणून उंची ही माझ्या दृष्टीने बचत आहे.

मात्र आमच्यासारख्या इंजिनाचं बंद पडणं पुष्कळदा चोरपावलांनी येतं. कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तिथे, पेट्रोलची वाफ होते आणि अरुंद नळीत हवेचा दाब घटतो. दोन्हींमुळे तिथलं तापमान तीस अंशांहूनही जास्त घसरू शकतं. हवेत दमटपणा असेल तर आत बर्फ धरतो, बाहेर छान पंधरा-वीस अंश असतानाही. एप्रिलमधल्या एका दमट सकाळी साडेतीन हजार फुटांवर असताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे २४०० वरून २३०० वर आले. मी थ्रॉटलला हात लावला नव्हता. आवाज किंचित जाड झाला होता. कार्बुरेटरला गरम हवा देणारी ‘कार्बुरेटर हीट’ची मूठ पूर्ण ओढली. फेरे आणखी उतरले आणि इंजिन खोकायला लागलं. नवा पायलट इथेच घाबरून मूठ परत आत ढकलतो. ढकलायची नाही. वितळलेला बर्फ पाणी होऊन इंजिनातून जात असतो, म्हणून ते खोकतं. मनात तीस मोजले. पंचविसाव्या आकड्याला आवाज मोकळा झाला आणि फेरे वर चढले.

भारतात असं स्वतःचं विमान ठेवता येतं का?
— एक वाचक, नाशिक

कायद्याने येतं. नोंदणी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, होते आणि विमानाला ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. अडचण आहे ती विमान ठेवायला जागा, विमानाचं पेट्रोल आणि जवळचा मेकॅनिक यांची. पण आपल्याकडे ओढ जुनी आहे. जुहूच्या विमानतळावर १९२८ पासून विमानं उडताहेत, आणि जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ चा. आपल्याच काळात कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं. तुम्हाला फक्त शिकायचं असेल तर आधी फ्लाइंग क्लबात जाऊन बघा.

माझा मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत आहे. त्याने विमानाचं लायसन्स काढलंय आणि दर शनिवारी कुठे ना कुठे जातो. मला झोप लागत नाही. त्याला काय सांगू?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

मुलाला ‘जाऊ नकोस’ सांगून तो थांबणार नाही, फक्त तुम्हाला सांगणं थांबवेल. ‘नीट जा’ला तो ‘हो’ म्हणेल. पण एक गोष्ट तुमच्याच हातात आहे, म्हणून मनापासून लिहिते.

त्याला ‘किती वाजता पोचशील’ असं कधी विचारू नका. इंजिन बिघडतं त्यापेक्षा पोचायच्या घाईने माणसं जास्त अडचणीत येतात. ढगांच्या आत नुसत्या डोळ्यांवर विमान उडवता येत नाही. त्याचं वेगळं शिक्षण आणि वेगळा परवाना लागतो, त्याला ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ म्हणतात. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात असं शिक्षण नसलेल्या वीस पायलटांना ढगासारखी स्थिती देऊन पाहिलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत. आत शिरताना मात्र प्रत्येकाला वाटत असतं की पलीकडे लगेच उजाडेल.

एका गणपतीला मी आणि नवरा पिट्सबर्गला मैत्रिणीकडे निघालो होतो. मागच्या सीटवर स्टीलच्या डब्यात एकवीस उकडीचे मोदक, आरती साडेबाराची. वाटेतलं झेन्सव्हिल गाव ओलांडलं की डोंगराळ भाग सुरू होतो. तिथे ढग खाली येत होते आणि मी त्यांच्याखाली राहायला तीनदा उंची सोडली. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, “तू आतापर्यंत तीनदा खाली आलीस.” बस, एवढंच. मी वळले आणि झेन्सव्हिलला उतरले. मैत्रिणीला फोन केला तेव्हा पोटात गोळा होता. ती म्हणाली, “अगं, बाप्पा दीड दिवस आहे. उद्या सकाळी ये. नाही जमलं तर पुढच्या वर्षी ये.” तिने ‘अरे रे’सुद्धा म्हटलं नाही. विमानतळावरच्या काउंटरमागच्या आजोबांना पाच मोदक दिले. त्यांनी क्रू कारची, म्हणजे आलेल्या पायलटांसाठी विमानतळावर ठेवलेल्या गाडीची, चावी दिली आणि आम्ही गावात जाऊन हॉटेलात राहिलो.

तुमच्या मुलाचा असा फोन कधी आला, की आई, मी पोचलो नाही, मधेच उतरलोय, तर तुमच्या आवाजात काळजी किंवा निराशा येऊ देऊ नका. ‘बरं केलंस, जेवलास का?’ एवढंच विचारा. उडायच्या आधी फोन करू नका. उतरल्यावर तो मेसेज करेल, असं ठरवून टाका. आणि एकदा निवांतपणे विचारा, की इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधी करतोस? हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला की तो चकित होईल. मग त्याला माझं नाव सांगा.