समभुज चौकोन म्हणजे चौरसच का?

खानापूरहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी मराठी शाळेत ज्याला 'समभुज चौकोन' म्हणते, त्यालाच शेजारचा कन्नड शाळेतला मुलगा 'वज्राकृती' म्हणतो. हे एकच का? आणि चारही बाजू सारख्या, मग हा चौरसच ना?

आकृती एकच. पण ती चौरस असेलच असं नाही. घोळ होतो तो त्रिकोणामुळे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या झाल्या की कोनही आपोआप ६०-६० अंशांचे होतात, म्हणून 'समभुज' ऐकलं की आपण कोनही सारखेच धरून चालतो. चौकोनाचं तसं नाही. सारख्या चार काड्या टोकांना टाचणीने जोडा आणि एक कोपरा हलकेच दाबा. बाजू तेवढ्याच राहतात, पण समोरासमोरचे दोन कोन मिटतात आणि उरलेले दोन तेवढेच उघडतात. एक ६० झाला की शेजारचा १२०. शेजारच्या दोघांची बेरीज १८० आणि चौघांची ३६०, ती काही हलत नाही.

शंकरपाळी बघा. कातणं सारख्या अंतराने आधी उभं, मग तिरकं फिरतं आणि प्रत्येक तुकडा समभुज चौकोन होतो. दुसऱ्या वेळी आडवं फिरवलं असतं तर चौरस पडले असते.

कन्नडमध्ये वज्र म्हणजे हिरा. नाव दिसण्यावरून पडलंय आणि मला ते फार आवडतं. पत्त्यांतल्या त्याच आकाराला आपण मात्र 'चौकट' म्हणतो, जिचे दारातले कोपरे काटकोनात असतात! कन्नडमधला 'चतुर्भुज' बाजू मोजतो, आपला 'चौकोन' कोपरे मोजतो, आणि बोलण्यात तर 'चौकोनी खोली' म्हटलं की काटकोन गृहीतच. 'चौरस' आला चतुरस्रावरून. त्याचाही मूळ अर्थ चार कोपऱ्यांचा एवढाच.

आमच्या घराची आखणी चालली होती तेव्हा समोरासमोरच्या बाजू तंतोतंत जुळल्या होत्या. तरी गवंडीमामांनी कोनाकोनी दोरी धरली आणि म्हणाले, "गुण्यात न्हाई की ओ." म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते: एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चार बोटं जास्त भरला होता. आखला गेला होता समांतरभुज चौकोन, आयत नव्हे.

मुलीला एवढं सांगा: चौरसाला समभुज चौकोन म्हटलं तर बरोबर. समभुज चौकोनाला चौरस म्हणायचं असेल, तर आधी एक कोन काटकोन आहे का ते बघायचं. एक निघाला की उरलेले तिन्ही काटकोनच.