जलोढ की जलौढ?

परीक्षेच्या पुस्तकात 'जलौढ मृदा' वाचलीत, आणि 'प्रौढ'शी तिचं काही नातं आहे का, असं विचारलंय. नातं आहे, पण शब्द 'जलोढ' असा लिहायचा.

फोड जल + ऊढ अशी. 'ऊढ' हे संस्कृत 'वह्' धातूचं रूप, अर्थ 'वाहून आणलेलं'. प्रवाह, वाहन, विवाह ही सगळी त्याच घरातली मंडळी. नवोढा म्हणजे नुकतीच लग्न करून आणलेली. अ आणि ऊ मिळून ओ होतो, म्हणून नवोढा आणि म्हणूनच जलोढ. प्रौढही प्र + ऊढ असाच, पण त्यातला 'औ' हा व्याकरणाने मान्य केलेला अपवाद. तुमच्या पुस्तकातली चूक बहुधा त्याच्याच नादाने झालीय. (रूढ, गूढ, मूढ यांत नातं शोधू नका, त्यांचे धातू वेगळे.)

आता वापर. पुरात वाहत आलेल्या ओंडक्याला कुणी जलोढ म्हणत नाही. नदीने वाहून आणून टाकलेले गोटे, वाळू, गाळ यांच्यासाठीच हे विशेषण चालतं. उतार कमी झाला की पाण्याचा जोर ओसरतो. मग आधी गोटे बसतात, नंतर वाळू, आणि बारीक चिकणमाती सगळ्यांत लांब जाते. गंगेचं मैदान असंच भरलं. आपल्याकडे तापी-पूर्णेचं खोरं बघा, जळगावच्या केळीबागा याच गाळावर उभ्या आहेत.

मुलं हमखास चुकतात ती काळ्या रेगूर मातीत. ती मुख्यतः बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली, त्यामुळे सरसकट जलोढ म्हणता येत नाही. तीच माती नदीने उचलून दुसरीकडे पसरली, तर तो थर मात्र जलोढ. रंगावर जाऊ नका, माती तिथे आली कशी ते विचारा.

शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द मी तरी ऐकलेला नाही. तिथे 'गाळ', 'पोयटा', कृष्णाकाठी 'मळीची जमीन'. (साखर कारखान्याची मळी वेगळी हो!) सरकारनेही 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना आणली, 'जलोढयुक्त शिवार' म्हटलं असतं तर ट्रॅक्टर घेऊन कोण आलं असतं? तेव्हा उत्तरपत्रिकेत 'गाळाची मृदा' लिहून कंसात 'जलोढ' टाका.