उसव, पण तुझ्या हातानं

अगं मुली,

फोटो पाहिला. क्रोशाचा मफलर २० खांबांवर, म्हणजे २० उंच टाक्यांवर, सुरू झाला, १३ वर आला आणि तू विचारतेस, ‘काकू, लोकर खराब आहे का?’ लोकर बिचारी काय करणार! ओळ वळवताना ज्या तीन साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले फास, घालतेस, तोच त्या ओळीचा पहिला खांब असतो. परत येताना शेवटचा खांब त्यातल्या तिसऱ्या साखळीत घालायचा. ती कडेला अंग चोरून बसते, म्हणून तुझ्या नजरेतून सुटते. दर ओळीला एक खांब गळाला की त्रिकोण होणारच.

तेव्हा उसव. पहिला खांब जिथे गळला तिथपर्यंत. घाबरतेस कशाला? दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात, एक निसटला की खालपर्यंत घसरतो. क्रोशात सुईवर एकच फास. सुई काढ, दोरा ओढ, हव्या त्या ओळीवर थांब, फासात पुन्हा सुई घाल. उसवलेली लोकर कुरळी झाली तर भिजवून वाळव.

फक्त ‘तुम्हीच नीट करून द्या’ हे पुन्हा लिहू नकोस. माझी आत्या द्यायची. माझ्या हातातलं काढून घ्यायची, भराभर उसवून, विणून परत ठेवायची. रुखवतात तोरण मांडलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं. त्यातलं माझं कुठलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्यावर राग नाही, घरात माणसं ढीगभर, तिला वेळ कुठला? पण ती गेली आणि माझा क्रोशाच सुटला. बिघडलंय कुठे, हे शोधायला मी कधी शिकलेच नव्हते. ती मधली वर्षं गेली ती गेलीच.

म्हणून उसवायचं आपण. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आया म्हणतात, काकू फार कडक. म्हणू देत. एकीनं तेवढ्यावरून येणं सोडलं. करून दिलं असतं तर टिकली असती? असती, पण माझ्या जिवावर. वाईट वाटलं, तरी मी ऐकणार नाही.

आणि ती काळी लोकर आधी बाजूला ठेव. काळ्यात टाके मला दिसत नाहीत, तुला काय दिसणार! केसाळही नको, उसवताना गुंतते. फिकट, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घे. तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकव. ओळ संपली की खांब मोज, मगच वळव. गोल रुमालातही मोजणं आहेच: पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. कमी पडले तर वाटी होते, जास्त झाले तर झालर.

रविवारी फोटो पाठव. मफलरचा नको, २० खांबांच्या दहा ओळींचा. भाचीच्या टोपीचं त्यानंतर बघू.

तुझी,
काकू