क्रोमचे अस्तर दिल्याने रायफलची अचूकता खरोखरच कमी होते का?

रायफलच्या बॅरलला आतून क्रोमचे अस्तर दिले की ती जास्त टिकते, पण नेम बिघडतो, यात तथ्य किती, असे आपण विचारले आहे. मी शस्त्रनिर्मितीतला नाही. भोसरीतील एका कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर हार्ड क्रोम चढवण्याचे काम मी अनेक वर्षे करतो, आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्लेटिंगच्या टाकीतच मिळते.

टाकीत विद्युतप्रवाह सपाट पृष्ठभागापेक्षा कडांवर अधिक एकवटतो, त्यामुळे तेथे थर जाड बसतो. रॉड बाहेर काढून टोकाशी बोट फिरवले, तर तो खरखरीत फुगवटा स्पष्ट लागतो. आम्ही तो ग्राइंडिंग करून मापात आणतो. बॅरलमध्ये मात्र गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा असतात आणि तेथे असे ग्राइंडिंग करता येत नाही. म्हणून बोअर, म्हणजे बॅरलची आतली पोकळी, आधीच थराच्या हिशेबाने किंचित मोठा ठेवतात आणि खाचांच्या कडांवर कमीजास्त बसलेले क्रोम बहुतांशी तसेच स्वीकारावे लागते. अचूकतेत जी घट येते, ती मुख्यतः या काही मायक्रॉनांच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असमानतेमुळे. सैनिकाला ती क्वचितच जाणवेल. परंतु 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे असते. शिवाय या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .22 च्या छोट्या काडतुसातील शिशाची गोळी आणि कमी दाब यांमुळे तेथे बॅरलची झीजही फार होत नाही, त्यामुळे अस्तराची गरजच उरत नाही.

लष्करी रायफलचे गणित वेगळे असते. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या कप्प्याच्या, लगेच पुढचा भाग प्रत्येक फैरीला तप्त वायूंचा मारा सोसतो. क्रोमियम 1900 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे पोलादापेक्षा कितीतरी उशिरा, आणि ते पोलादापेक्षा कठीणही असते. गंजापासून मिळणारे संरक्षण तर माझ्या मते याहून मोलाचे आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या सुरुवातीच्या एम-16 रायफलींच्या चेंबरला क्रोम नव्हते. दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत झाले की रिकामी पुंगळी आत अडकत असे आणि ऐन चकमकीत सैनिकाला ती साफसफाईच्या सळईने पुढून ढकलून काढावी लागे. त्या बिघाडांना काडतुसातील स्फोटक दारूतील बदल आणि साफसफाईच्या साहित्याची टंचाई हीही कारणे होती. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्यांची चौकशी केली. पुढे एम-16ए1 या सुधारित आवृत्तीत आधी चेंबरला आणि नंतर संपूर्ण बोअरला क्रोम देण्यात आले. जपानने हेच अस्तर टाइप 99 अरिसाका रायफलमध्ये त्याआधी कितीतरी वर्षे वापरले होते.

म्हणून हजारो फैरींनंतरची तुलना केली, तर अस्तर नसलेली, आतून झिजलेली बॅरल क्रोमच्या बॅरलपेक्षा वाईट नेम देऊ शकते. अर्थात क्रोमही अमर नाही. हार्ड क्रोममध्ये मुळातच केसाहून बारीक भेगा असतात. त्यांतून उष्ण वायू खालच्या पोलादापर्यंत पोहोचले की चेंबरजवळ अस्तराचे टवके उडू लागतात, आणि तेथून पुढे नेम झपाट्याने ढासळतो.