इर्सी (आयआरसी चॅटचा टर्मिनलवर चालणारा प्रोग्राम) डॉकर कंटेनरमध्ये (बाकीच्या मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात) चालवावं का? टर्मिनल बंद झालं तरी सेशन कसं टिकवायचं?

सेशनचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. टीमक्स (टर्मिनल बंद झालं तरी आतले प्रोग्राम चालू ठेवणारा प्रोग्राम) होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर चालवा, कंटेनरच्या आत नको. टीमक्सच्या एका खिडकीत कंटेनर सुरू करा आणि विसरून जा. मी ठाणे-वाशी लोकलमधून फोनवरून एसएसएचने त्या मशीनला जोडतो. मध्ये नेट गेलं तरी घणसोलीला उतरल्यावर गप्पा जिथे सोडल्या तिथेच सापडतात.

आता चालवावं का? चालवा. पण कंटेनर सुरू करताना लॉग-ड्रायव्हर (आउटपुट कुठे साठवायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘नन’, म्हणजे ‘कुठेच नको’, दिल्याशिवाय एंटर दाबू नका. हे एक वाक्य मला 2019 साली कोणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तेव्हा मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत रात्रपाळीला होतो. टीमसाठी एक टेस्ट सर्व्हर होता, डिस्क फक्त 20 जीबी. आमचं काम ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालायचं त्यांचे चॅनेल तेव्हा फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवर होते, त्यामुळे आयआरसीवर असणं हा कामाचाच भाग होता आणि लीडला ते माहीत होतं. सर्व्हरवर इतरांच्या पॅकेजेसना धक्का नको म्हणून मी इर्सीची स्वतःची इमेज (कंटेनर ज्यावरून तयार होतो तो साचा) बनवली आणि कंटेनरमध्ये चालवली. मला तेव्हा तो नीटनेटकेपणा वाटला, आजही वाटतो.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. त्याच काळात पुण्याच्या एका काकांशी ओळख झाली. त्यांना मी फक्त निकने, म्हणजे आयआरसीवरच्या टोपणनावाने ओळखायचो. निवृत्त माणूस, रात्री जागणारे. नेटवर्किंगचं मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्यांनी शिकवलंय. आम्ही मराठीत, देवनागरीत लिहायचो. आईचं ऑपरेशन ठरलं होतं, पैशांची जुळवाजुळव चालली होती, दुसरीकडे नोकरी बघावी का असं मनात होतं. घरी बोलता येत नव्हतं ते सगळं मी त्यांच्याशी बोललो.

एका रात्री पावणेतीनला डिस्क भरली आणि बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याची कामं) थांबले. मी जागा मोकळी करून काम मार्गी लावलं आणि सकाळी पाळी संपवून घरी गेलो. दुपारी लीडने कारण शोधायला डॉकरच्या फोल्डरमध्ये बघितलं, तर माझ्या कंटेनरच्या आयडीची 1.3 जीबीची जेसन फाइल. त्याने ती उघडली. आत माझे आणि काकांचे आठ महिने होते.

हे का होतं ते समजून घ्या, कारण भल्याभल्यांना माहीत नसतं. डॉकरचा डीफॉल्ट लॉग-ड्रायव्हर कंटेनरमधून बाहेर पडणारं सगळं आउटपुट फाइलमध्ये लिहून ठेवतो. वेब सर्व्हरसाठी ते ठीक आहे. पण चॅट क्लायंट टर्मिनलवर चालतो, म्हणजे स्क्रीनवर उमटणारं प्रत्येक अक्षर हेच त्याचं आउटपुट. खिडकी बदलली की अख्खी स्क्रीन पुन्हा रंगवली जाते आणि तीही पुन्हा लिहिली जाते. तुम्ही डिटॅच झालात, म्हणजे कंटेनर चालू ठेवून बाहेर पडलात, तरी लिहिणं थांबत नाही. फाइलवर आकाराची मर्यादा डीफॉल्टने नसते. रंग आणि कर्सरचे एस्केप कोड तिथे कचऱ्यासारखे दिसतात, पण देवनागरी जशीच्या तशी राहते. त्या कचऱ्यात आमचं मराठी तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने त्यातली तीन वाक्यं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. एक आईच्या ऑपरेशनबद्दलचं होतं. मग म्हणाला, “कंटेनर चालवणाऱ्याला लॉग कुठे जातो हे माहीत नसावं? सरळ मशीनवर टाकायचं होतंस.”

मी त्या वेळी गप्प बसलो. उत्तर आज देतो. डिस्क माझ्या फाइलने भरली नव्हती; 11 जीबीच्या जुन्या बिल्ड इमेजेस कोणी साफ केल्या नव्हत्या आणि ते काम माझं नव्हतं. मोठी फाइल दिसली तर आकार बघायचा, मालकाला विचारायचं. मजकूर कोणाचा आहे हे पहिल्या दहा ओळींत कळतं. अकराव्या ओळीनंतर वाचत राहणं हा तांत्रिक तपास नव्हे. आणि सरळ मशीनवर टाकलं असतं तर काय होऊ शकलं असतं तेही सांगतो: ही फाइल तयारच झाली नसती. एवढं त्याचं बरोबर होतं.

त्याचं अजून एक म्हणणं होतं, की डॉकर हबवर (इमेजेसच्या सार्वजनिक भांडारात) इर्सीच्या अधिकृत इमेजच्या पानावर हे दिलेलंच आहे. खरं आहे, तिथल्या कमांडमध्ये लॉग-ड्रायव्हर ‘नन’ आहे. पण कारण एवढंच दिलंय की टर्मिनलचा निरुपयोगी डेटा साठू नये. तो डेटा निरुपयोगी नसतो. निकसर्व्हला (टोपणनावं सांभाळणाऱ्या आयआरसीच्या सेवेला) पाठवायचा पासवर्ड तुम्ही इर्सीत टाइप करता तेव्हा तो स्क्रीनवर उघडा दिसतो, म्हणजे फाइलमध्येही उघडा जातो. डॉकर ग्रुपमध्ये असलेला कोणीही होस्टवर रूटइतकाच (सगळे अधिकार असलेल्या युजरइतकाच) ताकदवान असतो, तो हे सगळं वाचू शकतो. कंटेनर बाकीच्या मशीनला तुमच्यापासून वाचवतो. तुम्हाला मशीनच्या मालकापासून वाचवत नाही.

म्हणून माझं ठाम मत: खासगी बोलणं ऑफिसच्या सर्व्हरवर नकोच, कंटेनर असो वा नसो. घरी जुना लॅपटॉप असेल तर तो वापरा. मी सहा वर्षं तेच करतोय.

बाकीचं पटापट. इर्सीचं कॉन्फिगरेशन बाहेरच्या फोल्डरमधून जोडा आणि आपल्याच युजर आयडीने चालवा, नाहीतर परवानग्यांचा घोळ होतो. ऑटोलॉग (गप्पा आपोआप साठवणं) चालू असेल तर इर्सी डीफॉल्टने होम फोल्डरमधल्या ‘आयआरसीलॉग्ज’मध्ये लिहितं, कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये नाही. तेही वेगळं जोडा, नाहीतर कंटेनर काढला की गप्पा गेल्या. घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर होस्टची लोकलटाइम फाइल आत जोडा. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर भाषेची सेटिंग यूटीएफ-8 आहे का बघा. कंट्रोल-पी दाबून आधीची खिडकी येत नाही, कारण डॉकर ती की डिटॅचसाठी अडवून धरतो; डिटॅच-कीज बदलून द्या.

एक राहिलं. इमेज अपडेट करायची म्हणजे नवा कंटेनर, आणि नवा कंटेनर म्हणजे कनेक्शन तुटणार. ते चालत नसेल तर मध्ये बाउन्सर (तुमच्या वतीने आयआरसीला जोडलेला राहणारा प्रोग्राम) लागेल. पॉडमॅन (डॉकरसारखंच दुसरं साधन) वापरत असाल तर त्याचा लॉग-ड्रायव्हर स्वतः तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणि तुमचा कंटेनर आधीच चालू असेल, ‘नन’ दिलेलं नसेल, तर तो नुसता थांबवून भागत नाही. फाइल तशीच राहते, कंटेनर काढून टाकल्यावरच जाते. त्यात टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड आजच बदला.