कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्सला आम्ही नवरा-बायको ऑक्टोबरमध्ये गोल्फ खेळायला जायचं म्हणतोय. महिना बरा आहे का?

ऑक्टोबर टाळा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जा. उन्हाळ्यातलं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं, म्हणून पाम स्प्रिंग्स ज्या कोचेला खोऱ्यात आहे तिथले बहुतेक कोर्स (गोल्फची मैदानं) सप्टेंबरअखेरीपासून काही आठवडे बंद ठेवून त्यावर थंडीत हिरवं राहणारं राय गवत पेरतात. कोर्स नुकता उघडला असेल तर कार्ट (खेळाडूंची छोटी गाडी) गवतावर नेऊ देत नाहीत, वाटेवरच ठेवून चालावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगआधी हे विचाराच. ऑक्टोबरचीच रजा असेल तर सगळे कोर्स एकदम बंद नसतात, तारखा त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. आणि दोघांपैकी एकालाच खेळाचं वेड असेल (बहुधा असंच असतं), तर दुसऱ्यासाठी डोंगरावर सुमारे २,६०० मीटर उंचीवर नेणारा एरियल ट्रामवे (केबल कार) आहे. वर स्वेटर लागतो.