वाचकांचे प्रश्न : संगणकातील व्हायरस काढण्यासाठी मदत कोणाकडे मागावी?

प्रश्न : माझा केळी खरेदी-विक्रीचा व्यवसाय असून शेतकऱ्यांचे देणे, गाडीभाडे, जीएसटी असा सगळा हिशेब एकाच संगणकावर टॅलीमध्ये आहे. मागच्या आठवड्यात इंटरनेटवर काम सुरू असताना अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल सूचना आली, भोंगा वाजू लागला आणि 'संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर दिसू लागला. मुलाने बटण बंद करून ती घालवली. परंतु तेव्हापासून संगणक फार मंद चालतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत अजून शिल्लक आहे. त्या कंपनीची मदत कशी मिळवावी? आमच्याकडे संगणक दुरुस्त करणारे म्हणतात की, विंडोज नव्याने टाकण्यावाचून इलाज नाही.
– एक व्यापारी, सावदा (ता. रावेर)

उत्तर : आपण त्या क्रमांकावर फोन केला नाही, हे फार चांगले झाले. आपण पाहिलेली सूचना संगणकाने किंवा अँटिव्हायरसने दिलेली नव्हती; ते ब्राउझरमध्ये उघडलेले एक साधे वेबपान होते, जे पूर्ण स्क्रीन व्यापते, आवाज करते आणि माणूस घाबरून फोन उचलेल याची वाट पाहते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो, असे त्या कंपनीनेच जाहीर केलेले आहे. असे पान पुन्हा आले, तर वीज बंद करण्याची गरज नाही. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे पूर्ण स्क्रीनचा वेढा सुटतो आणि ब्राउझर बंद करता येतो. तेवढ्याने जमले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तेथून ब्राउझर बंद करावा. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पाने उघडू का' असे विचारले जाते. तेथे नकार द्यावा, नाहीतर तेच पान परत समोर येते.

संगणक मंद होणे ही मात्र वेगळी बाब आहे आणि तिची तपासणी व्हायलाच हवी. त्याआधी एक काम करावे, ते म्हणजे टॅलीच्या हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. डिस्क जोडलेलीच राहिली, तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्या प्रतीचीही तीच गत करतो. जुनी प्रत पुसून तिच्या जागी ही नवी प्रत ठेवू नये, दोन्ही राहू द्याव्यात. त्यानंतर अँटिव्हायरस अद्ययावत करून पूर्ण स्कॅन चालवावा. स्कॅनमध्ये व्हायरस सापडून तो पुसला जातो आणि संगणक पुन्हा सुरू केला की परत उगवतो, असे घडत असल्यास कंपनीच्या मदत केंद्राकडे जाण्याची वेळ आली, असे समजावे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मदत केंद्राचा क्रमांक गुगलवर शोधू नये, हे मी येथे अगदी आग्रहाने सांगतो. शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातींमध्ये फसवणूक करणारे लोक आपले क्रमांक नामवंत कंपन्यांच्या नावाने टाकत असतात, आणि 'कस्टमर केअर' शोधणारा माणूस आधीच अडचणीत असल्यामुळे पहिलाच क्रमांक फिरवतो. क्रमांक घ्यायचा तो अँटिव्हायरसच्या खोक्यावरून, पावतीवरून किंवा त्या सॉफ्टवेअरच्याच खिडकीतील 'हेल्प' अथवा 'सपोर्ट' या भागातून. मुदत शिल्लक असलेल्या ग्राहकाला साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. व्हायरस काढण्यासाठी कोणी पुन्हा पैसे मागू लागला, तर तेथेच थांबावे आणि आपण योग्य ठिकाणी बोलत आहोत की नाही, ते तपासावे.

फोन करण्यापूर्वी अँटिव्हायरसची 'प्रॉडक्ट की' (परवान्याचा क्रमांक), विंडोजची आवृत्ती, स्कॅनमध्ये दिसलेले व्हायरसचे नाव आणि तो ज्या फोल्डरमध्ये सापडला त्याचा संपूर्ण पत्ता एका कागदावर लिहून ठेवावा. सूचनेचा मोबाइलने फोटो काढून ठेवल्यास उत्तम. 'संगणक चालत नाही' एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला ठरावीक उत्तरे मिळतात. व्हायरसचे नाव व ठिकाण सांगणाऱ्याचे प्रकरण मात्र जाणकार माणसाकडे लवकर जाते. तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि शक्य असेल तेथे ईमेलनेही कळवावे, कारण दुसऱ्या दिवशी फोनवर दुसरीच व्यक्ती असते आणि सारी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते.

तंत्रज्ञ बहुधा दुरून आपल्या संगणकाचा ताबा मागेल. फोन आपण स्वतः खात्रीच्या क्रमांकावर केला असेल, तरच तो द्यावा. समोरून आलेल्या फोनवर कधीही देऊ नये. त्या वेळी बँकेची व ईमेलची पाने बंद ठेवावीत, स्वतः समोर बसून काय चालले आहे ते पाहावे, ओटीपी किंवा पिन सांगू नये आणि काम झाल्यावर दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर आपल्यासमोर काढून टाकून घ्यावे.

विंडोज नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी विंडोज सिक्युरिटीमधील 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा (विंडोजमध्येच असलेल्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन अवश्य चालवून पाहावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी करतो, त्यामुळे एरवी लपून बसणारा व्हायरसही त्याच्या हाती लागतो. ही सोय विनामूल्य आहे. विंडोज टाकण्याचीच वेळ आली, तर परवान्याचीच टाकून घ्यावी. चोरीची विंडोज चालू करणारी साधने 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे सांगतात, आणि नेमक्या त्याच दारातून अनेक व्हायरस आत येतात. आपल्याकडे विंडोज १० असेल, तर तिचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही त्या वेळी विचारात घ्यावे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. अशाच सूचनेवरील क्रमांकावर मी फोन केला. तेथील 'इंजिनिअर'ने संगणकाचा ताबा घेऊन लाल-पिवळ्या खुणांची मोठी यादी दाखवली, संगणकात शेकडो व्हायरस असल्याचे सांगितले आणि यूपीआयने पैसे भरून घेतले. आता मनात शंका येते. काय करावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपली शंका खरी आहे. आधी संगणकाचे इंटरनेट तोडावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांमधून निघून जाण्यापूर्वी ते गोठवण्याचा प्रयत्न या यंत्रणेमार्फत होतो, म्हणून येथे तासातासाला महत्त्व आहे. पण उशीर झाला म्हणून तक्रार टाळू नये. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतर पुढे होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. व्यवहार क्रमांक, त्या सूचनेचा फोटो व संभाषणाची वेळ जपून ठेवावी; जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देताना याचा उपयोग होईल.

त्यांनी आपल्याला जी यादी दाखवली, ती विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर'ची असावी, कारण अशा प्रकारात बहुतेक वेळा तीच दाखवली जाते. विंडोजमध्ये घडणाऱ्या लहानसहान गोष्टींची ती नोंदवही असते. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, की तेथे पिवळी किंवा लाल खूण पडते. अगदी निरोगी संगणकातही अशा नोंदी शेकड्याने असतात आणि त्यांचा व्हायरसशी संबंध असतोच असे नाही. अनोळखी माणसाला आपण कसे फसलो, असे वाटून मनाला लावून घेऊ नये. ही माणसे याच कामासाठी बसलेली असतात आणि समोरच्याची भीती कशी वाढवायची, ते त्यांना पाठ असते.

त्यांनी बसवलेले दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि बँक व ईमेल यांचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून अथवा मोबाइलवरून बदलावेत. संगणकाचा ताबा अनोळखी माणसाकडे गेलेला असल्याने, कागदपत्रे व फोटोंची प्रत काढून विंडोज नव्याने टाकून घेणेच येथे सुरक्षित ठरेल. सावद्याच्या वाचकांना मी दिलेला सल्ला आपल्याला लागू होत नाही. काही आठवड्यांनी 'आपले पैसे परत करायचे आहेत' असा गोड आवाजातील फोन येण्याचा संभव आहे. तोही त्याच साखळीतला असतो.

प्रश्न : शाळेची कागदपत्रे छापण्यासाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात दिला होता. परत आणल्यावर सर्व फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात. कागदपत्रे गेली का?
– एक शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : बहुतेक गेलेली नाहीत. हा व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. चिन्हाच्या कोपऱ्यातील लहान बाण आणि एक-दोन केबी एवढाच आकार, यांवरून तो ओळखू येतो. अशा शॉर्टकटवर क्लिक करू नये, कारण क्लिक करताच व्हायरस आपल्या संगणकात शिरतो. आधी पेन ड्राइव्हचे स्कॅन करावे, त्यानंतर फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची सोय सुरू करावी आणि 'संरक्षित सिस्टम फायली लपवा' ही खूण काढावी. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यातील कागदपत्रे संगणकावर उतरवून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. झेरॉक्सच्या दुकानदारालाही त्यांची माहिती द्यावी, कारण त्यांच्या संगणकावर तालुक्यातील अनेक शाळांचे पेन ड्राइव्ह येत असतील.